आईला माया कमी पडली

ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मागच्या खोलीत बसून लोकांचे कपडे सैल-घट्ट करून देणाऱ्या टेलरबाईंनी सात वर्षं खपून कादंबरी लिहिली, आणि अकरा एजंटांनी नन्नाचा पाढा वाचला. हे एजंट म्हणजे लेखकाला प्रकाशक मिळवून देणारे. "घराला एजंट असतो, विम्याला असतो, आता गोष्टीलाही?" असं म्हणून नवरा हसायचा, पण पाकिटांवर तिकिटं मात्र तोच चिकटवायचा.

अकराही पत्रांत एकच मजकूर: आवडली, पण आमच्या यादीत बसत नाही. अहो, न वाचताच कशी आवडली? बाईंना रडू यायचं. बाराव्या ठिकाणाहूनही नकार आला तर सगळे कागद रद्दीत, असं त्यांनी ठरवून टाकलं.

बाराव्या एजंटबाईंनीही नाहीच म्हटलं. पण खाली पेनानं एक ओळ होती: "आईच्या पात्राला माया कमी पडली आहे."

आता माया म्हणजे प्रेम, हे कुणालाही कळेल. पण टेलरबाईंचा जन्म गेला कापडात. उद्या अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून शिवणीच्या आत जास्तीचं कापड राखतात, त्यालाही मायाच म्हणतात. त्यांनी तोच अर्थ घेतला. "खरंच की," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आईला मी फार घट्ट बेतलंय. हलायलाच जागा नाही तिला."

कादंबरीतली आई अर्थात त्यांचीच. पानोपानी ओरडणारी, लेकीला शाळेतून काढणारी. बाईंनी तिला उसवायला घेतलं. शाळेतून काढलं त्या दिवशी आई जेवली नव्हती हे आठवलं, तेही घातलं. चार महिने गेले. मग त्यांनी एजंटबाईंना आभाराचं पत्र धाडलं. नकाराबद्दल मनापासून आभार मानणारी लेखिका त्या बिचारीनं पहिल्यांदाच पाहिली असेल.

तेराव्या एजंटानंही साभार परत पाठवलं. या वेळी रडू आलं नाही. रविवारी त्या आईकडे गेल्या आणि डोळ्यांनी अधू झालेल्या म्हातारीला शाळेतून काढल्याचं ते प्रकरण वाचून दाखवलं.

म्हातारीनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "मी जेवले नव्हते, ते तुला माहीत होतं?"

"हो."

"मला वाटलं, कुणालाच माहीत नाही." तिनं चाचपडत लेकीचा हात धरला. "छापून आण गं. मी आहे तोवर."

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत टेलरबाईंनी चौदावं पाकीट टाकलं.