भाजीच्या कप्प्यातला हिवाळा

दुपारी पुस्तक छातीवर उपडं ठेवून मी डोळे मिटते. फ्रिजची घरघर खोलीपर्यंत येते, थांबते, पुन्हा सुरू होते. मग ती थांबतच नाही, आणि मी फ्रिजसमोर उभी आहे.

भाजीच्या कप्प्यात श्रीरंगदादाच्या होस्ट्याचा गड्डा आहे. होस्टा थंड देशातलं, सावलीत वाढणारं झाड. पुरेसा हिवाळा मिळाला नाही तर ते फुटत नाही. पाचगणीची थंडी कमी पडते म्हणून दादा दरवर्षी गड्डा फ्रिजमध्ये ठेवायचा आणि महाशिवरात्रीला बाहेर काढायचा. यंदा कार्तिकात दादा गेला. वहिनींनी गड्डा माझ्याकडे दिला. आता होळीही झाली, तरी मी कप्पा उघडलेला नाही. आत सडलेला निघाला, तर दादाचं जिवंत असं काहीच उरणार नाही.

मी कप्पा ओढते. तो माणसाच्या उंचीइतका बाहेर येतो, तरी संपत नाही. हॉस्पिटलच्या तळघरातला, शवागाराचा बोळ. फरशीवर सिल्व्हर ओकची पानं. स्टुलावर दादा बसलाय, मफलर गुंडाळून.

"या, प्रोफेसरीणबाई."

"दादा, तू इथे का?"

"अभयचं विमान यायचंय ना. तोवर ठेवू म्हणालात सगळे."

"अभय येऊन, तुला अग्नी देऊन परत गेला. सगळं झालं, दादा."

"मला कुणी सांगितलं नाही." तो आपले रुंद पंजे काखेत धरतो. "बघ जरा, किती आहे?"

माझ्या हातात प्रयोगशाळेतला थर्मामीटर आहे. "चार."

"होस्ट्याला झकास. मला स्वेटर पुरत नाही." मग हळूच, "गड्डा दाबून पाहिलास?"

"मऊ लागला तर?"

"तर टाकून दे. जन्मभर पोरांना सांगितलंस, आधी बघा, मग बोला. आणि स्वतः?"

बोळाच्या टोकाला माझीच बाल्कनी दिसते.

"किती ताटकळत ठेवणार, शालू?"

कुणाला, ते तो सांगत नाही. उठतो, आणि माझ्या अंगावरून गारवा जातो.

जाग येते. पुस्तक छातीवर तसंच आहे. स्वयंपाकघरात भाजीचा कप्पा रिकामा.

बाल्कनीत, ऊन येत नाही त्या कोपऱ्यात, कुंडी आहे. गड्डा लावलेला, माती ओली. माझे हात कोरडे आहेत, नखं स्वच्छ. मी वाकून गड्डा दाबते. टणक आहे.

भोवतीच्या मातीत अंगठ्याचे ठसे उमटलेत. एकात मी माझा अंगठा ठेवते. चारी बाजूंनी जागा उरते.