सतरा किलोंचं इंजिन

सुंगाई तंजुल ह्या कोळ्यांच्या गावच्या धक्क्यावर संध्याकाळी पाच वाजले की पडदा वर जायचा. होड्या खाडीत शिरायच्या, खुंटांना बांधल्या जायच्या, आणि एकेक गडी होडीच्या मागच्या फळीवरचं इंजिन सोडवून खांद्यावर घ्यायचा आणि घराकडे चालू लागायचा. इंजिन रात्रभर होडीवर ठेवलं तर सकाळी नुसती होडी सापडते, म्हणून ते घरी न्यायचं, एवढीच खरी गोष्ट. पण त्या चालण्याला काय रुबाब असायचा! कोपीच्या, म्हणजे तिकडच्या कॉफीच्या, टपरीवर म्हातारे पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकांसारखे बसलेले असत. कुणाचा पाय अडखळला, कुणी वाटेत खांदा बदलला, सगळं त्यांना दिसे. आपलं इंजिन आपण न्यायचं, हा तिथला रिवाज. दुसऱ्यानं ते उचललं, की इंजिनाच्या मालकाचा दर्या संपला. अंगात ताप असला तर माणूस चार दिवस होडी काढायचा नाही, पण इंजिन परक्या खांद्यावर द्यायचा नाही.

देरुस हा त्या धक्क्यावरचा राजा. छत्तीस किलोंचं टू-स्ट्रोक इंजिन उजव्या खांद्यावर आणि डाव्या हातात खुब्यांची, चिखलातल्या शिंपल्यांची, बादली. त्याच्यामागून त्याची बायको रुबिया, पेट्रोलचा डबा आणि वल्ही घेऊन. तिला सगळं गाव माक बिया म्हणायचं; माक म्हणजे आई. घरी आल्यावर इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात उभं करून चालवायचं, त्याच्या पोटातलं खारं पाणी काढायचं, पुसायचं, ते काम तिचं. त्यानं उचलायचं, तिनं धुवायचं, अशी तेहेतीस वर्षं गेली. दोघांत भांडणं झाली नाहीत असं नाही, पण ह्या वाटणीवरून कधीच नाही.

देरुस रोज्यांच्या महिन्यात गेला. तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी माणूस नाही. माक बिया चार महिने दहा दिवस नवरा गेल्यावरची इद्दत पाळून घरात बसली. खांबांवरच्या घराखाली, तिच्या बसायच्या जागेच्या बरोबर खाली, ते इंजिन लाकडी घोड्यावर टांगलेलं होतं. फळ्यांच्या फटीतून तिला ते दिसायचं. ती फटीवर चटई ओढायची आणि थोड्या वेळानं पुन्हा बाजूला करायची.

इद्दत संपली त्या सकाळी ती खाली उतरली, इंजिनाला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि उचलायला गेली. ते हललं, घोड्यावरून सुटलं आणि तिला घेऊन जमिनीवर बसलं. ती बराच वेळ तशीच बसून राहिली. एकसष्ट वर्षांची बाई, पाच फुटांना दोन बोटं कमी.

मुलाचा, शुक्रीचा, फोन रोजच असायचा. तो शाह आलम शहरात एका कारखान्यात सुपरवायझर होता, नवव्या मजल्यावर राहायचा.

"माक, किती दिवस एकटी राहणार तिथं? खोली तयार केलीय तुझी. नातवंडं विचारतात."

"खुबे कोण काढणार?"

"माक, खुबे बाजारात मिळतात."

"ते काय खुबे असतात? बर्फात मेलेले." मग तिनं आवाज खाली आणला. "ऐक, शुक्री. मी हलकं इंजिन घेते. सहा दिवस दे मला. सहा दिवस मी एकटीनं इंजिन नेलं आणि आणलं, तर मी इथंच राहणार आणि तू हा विषय काढायचा नाहीस. एक दिवस जरी ते दुसऱ्याच्या खांद्यावरून घरी आलं, तर रविवारी तुझ्या गाडीत बसते. बोल, कबूल?"

पलीकडे तो हसला. "कबूल. पण माक, लबाडी नाही करायची."

"लबाडी तुझ्या बापाकडची. मला येत नाही."

शहरातल्या इंजिनांच्या दुकानात मालक, तौके बून हाय, गल्ल्यामागे बनियनवर बसला होता. देरुसचं इंजिन त्यानंच विकलेलं. बाईला एकटीला पाहून त्यानं खुर्ची पुढे सरकवली, पंखा तिच्याकडे वळवला, आणि देरुसबद्दल एक शब्द काढला नाही. तिला ते बरं वाटलं.

"हलकं पाहिजे," ती म्हणाली. "मला उचलता येईल असं. जुनं तुम्ही परत घ्या."

त्यानं तीन इंजिनं लाकडी घोड्यावर ओळीनं लावली, जणू मुलगी दाखवायचा कार्यक्रम.

पहिलं दोन हॉर्सपॉवरचं, बारा किलोंचं. ती ते एका हातानं उचलू शकली, आणि तिचा चेहरा उजळला. तौकेनं मान हलवली. तिकडे परक्या बाईलाही मावशीसारखं माक चिक म्हणतात. "माक चिक, हे तळ्यातलं. तुमच्या खाडीच्या तोंडाशी ओहोटी कशी ओढते ठाऊक आहे ना? हे लावून तुम्ही पुढं बघत बसाल आणि होडी मागं जाईल. आवाज मात्र असा करील की गावाला वाटेल गवत कापताय."

दुसरं जुनं टू-स्ट्रोक, पाच हॉर्सपॉवरचं, एकवीस किलो. ताकद भरपूर. तिनं ते उचललं, दुकानाच्या दारापर्यंत नेलं, आणि परत येताना ते वाटेतच खाली टेकवलं. ती हसून म्हणाली, "याला जाताना नेईन मी. येताना हे मला आणील."

तिसरं अडीच हॉर्सपॉवरचं, सतरा किलोंचं, नवं, फोर-स्ट्रोक. तिनं त्याला आधी हात लावला नाही, त्याच्याभोवती फिरली. मग उचललं, दारापर्यंत गेली, रस्ता ओलांडून समोरच्या औषधांच्या दुकानापर्यंत गेली, तिथल्या पोरींनी टाळ्या वाजवल्या, आणि ती तशीच परत आली. धाप लागली होती, पण खाली ठेवताना इंजिनाचा आवाज झाला नाही.

"हे," ती म्हणाली.

"ओहोटीला हे टिकेल. जेमतेम, पण टिकेल," तौके म्हणाला. "आता नीट ऐका, माक चिक. तुमच्या जुन्या इंजिनात तेल पेट्रोलमध्ये मिसळायचात. यात तेल वेगळं, इंजिनाच्या पोटात. म्हणून हे आडवं ठेवताना हँडलची बाजू खाली. नेहमी. उलट ठेवलंत तर पोटातलं तेल नको तिथं जाईल आणि हे बसेल रुसून."

"हँडल खाली," ती म्हणाली.

"पुन्हा म्हणा."

"हँडल खाली! शाळेत घातलंत का मला?"

सोमवारी संध्याकाळी ती पहिल्यांदा इंजिन खांद्यावर घेऊन धक्क्यावरून आली, तेव्हा टपरीवर सगळ्या गावाचा काका, वाक जोयो, बसलेला होता. तिच्या घरापासून तिसऱ्या घरात राहायचा. त्र्याहत्तर वर्षांचा, कणा वाकलेला, तरी स्वतःचं जड इंजिन स्वतः आणणारा. गावात जन्मलेल्या प्रत्येकाची त्यानं थट्टा केलेली होती.

"अगं बिया, हे इंजिन आहे की शिवणयंत्र?"

"शिवणयंत्र आहे, वाक. तुमच्या तोंडाला टाके घालायला आणलंय."

टपरी हसली. माक बिया न थांबता पुढे गेली. खांदा दुखत होता, डोळ्यांत पाणी होतं, पण चाल तिनं बिघडू दिली नाही. घरी गोणपाटावर तिनं इंजिन आडवं ठेवलं, हँडल खाली, आणि मगच पायरीवर बसली.

मंगळवार गेला, बुधवार गेला, गुरुवार गेला. रात्री खांद्याला ती गरम तेल लावायची. फोनवर शुक्रीला म्हणायची, "चार झाले." तो म्हणायचा, "मोजतोय, माक." त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता, आणि थोडी निराशाही.

शुक्रवारी ती खुब्यांच्या दांड्यावर, खाडीबाहेरच्या चिखलाच्या उंचवट्यावर, जास्त रमली. देरुस गेल्यापासून त्या जागी कुणी हात घातलेला नव्हता; बोटं चिखलात घालावीत आणि मूठ भरून यावी. परतेपर्यंत खाडीतलं पाणी गेलं होतं. होडी धक्क्यापासून दीडशे पावलांवर गाळात टेकली. असं झालं की तिथली माणसं तोंगका काढतात; तोंगका म्हणजे चिखलावरून ढकलायची लांब, अरुंद फळी. डावा गुडघा फळीवर टेकायचा, उजवा पाय मांडीपर्यंत चिखलात घालून मागं रेटायचा. बिया वयाच्या सातव्या वर्षापासून तोंगका चालवत होती. तिनं खुब्यांची पोती पुढं ठेवली, मधे इंजिन आडवं घातलं आणि निघाली. देरुस इंजिन नेहमी हँडल वर करून घालायचा, कारण खाली केलं तर गुडघ्याला जागा उरत नाही. तिच्या हातांनीही तेच केलं.

तौकेचे शब्द ती विसरली नव्हती. घरी पोचताच तिनं इंजिन गोणपाटावर बरोबर ठेवलं, हँडल खाली. पण इंजिन ठेवायचं ते घरी. तोंगक्यावर असतं ते नेणं, असंच तिच्या डोक्यात होतं. चिखलातून नेताना ते अर्धा तास उलटं आडवं पडलेलं होतं, ही गोष्ट तिच्या मनाला शिवलीसुद्धा नाही.

शनिवारी सकाळी भरती होती. तिनं दोरी ओढली. दोरी जड वाटली. पुन्हा ओढली, पुन्हा ओढली; शेवटी इंजिन पेटलं आणि पांढऱ्या धुराचा लोट निघाला. नवीन आहे, बसेल, असं म्हणून ती निघाली. खाडीच्या तोंडाबाहेर, शेवटच्या खुंटाच्या पुढं, ते दोनदा खोकलं आणि गप्प झालं.

तिनं दोरी ओढली. दहा वेळा, वीस वेळा. मग मोजणं सोडलं. भरती फिरली होती आणि ओहोटी होडीला बाहेर न्यायला लागली होती. तिनं वल्ही घेतली, मारली, किनाऱ्याकडे पाहिलं. खुंट जवळ येण्याऐवजी बारीक होत होता. पुन्हा दोरी. आता उजव्या हाताची बोटं मिटेनात. ती डाव्या हातानं उजवी मूठ मिटवून दोरीभोवती धरायची, ओढायची, आणि बोटं आपली आपण उघडून जायची. तिनं त्या हाताकडे पाहिलं, जसं आपण परक्या घरातल्या भांड्याकडे पाहतो.

वाक जोयो जाळी टाकणं अर्धवट सोडून आला. त्याला लांबून दिसलं होतं. त्यानं दोरखंड फेकला, तिनं तो होडीच्या नाकाला बांधला, आणि त्यानं होडी धक्क्यापर्यंत ओढत आणली.

धक्क्यावर माणसं होती. बियानं इंजिनाचे स्क्रू सोडवले आणि ते उचलायला गेली. बोटं मिटली नाहीत. तिनं मनगटांत धरून पाहिलं, कोपरात धरून पाहिलं. वाक जोयो थोडा वेळ दुसरीकडे बघत राहिला. मग खाली वाकला, इंजिन आपल्या वाकड्या पाठीवर घेतलं आणि चालू लागला. ती रिकाम्या हातांनी मागून गेली. टपरीवर कुणीतरी कप खाली ठेवला, तेवढाच आवाज.

दुपारी तौकेचा माणूस येऊन गेला. प्लग काढला, तेल पुसलं, पाच वेळा दोरी ओढली, प्लग बसवला. "काही झालेलं नाही, माक चिक. नव्यासारखं आहे. तोंगक्यावर उलटं घातलं होतंत का?" तिनं पिंपाकडे तोंड फिरवलं. इंजिन पिंपात छान, एका लयीत चालत होतं. ती त्याच्यापाशी उभी राहून ऐकत राहिली.

रविवारी शुक्री आला. गाडीतून उतरतो न उतरतो, तोच वाक जोयो कुंपणाशी हजर.

"तुझ्या आईनं जिंकलं रे, पोरा! सहाच्या सहा दिवस! मी स्वतः टपरीवर बसून पाहिलंय. काल तर काय आली, वा, देरुस आठवला!"

शुक्रीनं आईकडे पाहिलं आणि हात वर केले. "हरलो, माक. राहा. शब्द म्हणजे शब्द. दर महिन्याला मीच येत जाईन."

वाक जोयो कुंपणावरून तिला डोळ्यांनी दटावत होता. आता तिनं फक्त हसायचं होतं. तिनं अंगणातल्या चुलीवरच्या भाताचं झाकण उघडलं, वाफ जाऊ दिली, पुन्हा लावलं.

"काल इंजिन आणलंय वाकनी," ती म्हणाली.

"अगं बिया!" वाक जोयो ओरडला. "इंजिन बिघडलं होतं, त्याला काय! दुरुस्त झालं ना? उद्या पुन्हा नेशील!"

"इंजिन दुरुस्त झालं, वाक." तिनं उजवा हात पुढं केला. बोटं अजून सुजलेली होती. "हा नाही झाला. उद्या मी गेले, की तुम्ही जाळी सोडून माझ्या मागावर राहाल. परवाही. वय काय तुमचं? तुमच्या खांद्यावर बसून मी दर्यावर जाऊ का?"

"मी कधी नाही म्हटलंय?"

"म्हणूनच."

वाक जोयो कुंपणावरून बाजूला झाला आणि आपल्या घराकडे निघून गेला, पण दार लावलं नाही.

"माक," शुक्री हळू म्हणाला, "खरंच राहिलीस तरी चालेल मला. मी काही ती पैज..."

"तू आलास ना गाडी घेऊन? मग जेव आधी."

दुपारी तीनला ते निघाले. एक बोचकं, कुराण, भाताची कढई. गावाबाहेरच्या पुलावरून खाडीचं तोंड आणि बाहेरचा दांडा दिसतो. ओहोटी लागलेली होती आणि चिखलावर दोन-तीन माणसं ठिपक्यांसारखी सरकत होती. शुक्रीनं आईला बघू द्यावं म्हणून गाडी हळू केली.

"चालव," माक बिया समोर बघत म्हणाली. "मागून लॉरी येतेय."