उजवे वेढे

"बॅटरीत पाणी घालायला विसरू नकोस." यांचं माझ्याशी झालेलं हे शेवटचं बोलणं. पनवेलच्या दवाखान्यात मी डबा घेऊन गेले होते. दोन घास भात खाऊन यांनी ताटली बाजूला सारली आणि एकदम विचारलं, "पंखा फिरतोय ना?" फिरतोय म्हटलं, त्यावर हे पाण्याचं. परत विचुंब्याला घरी येऊन मी पदर खोचते न खोचते तोच धाकटे दीर सायकलवरून आले. सायकल भिंतीला टेकवून ते नुसते दारात उभे राहिले... मला कळलं. तेव्हाही छपरावरचा तो वाऱ्यावर वीज करणारा पंखा गरगर फिरतच होता. त्याचा आवाज मग मला सोसवेना.

यांचं पनवेलच्या बाजारात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. विचुंब्याला वीज नव्हती, त्यामुळे घरचा रेडिओ बॅटरीवर. ती उतरली की सायकलच्या कॅरिअरला बांधून दुकानात न्यायची, भरून आणायची, आणि वाटेत अ‍ॅसिड सांडून धोतराला भोकं पाडून घ्यायची. मी ठिगळं लावून कंटाळले होते. एक दिवस यांनी जाहीर केलं, "वारा फुकट आहे. वीज घरीच करू." जुन्या लाउडस्पीकरमधली लोहचुंबकं काढली, सागाच्या फळीची पाती तासली, आणि तांब्याच्या तारेच्या कॉइली गुंडाळायचं काम माझ्या गळ्यात घातलं. यांचा हात घाईचा, तार हमखास तुटायची. लाकडी साच्यावर एकाला एक चिकटून वेढे घ्यायचे, मध्ये फट नको की एकावर एक चढणं नको. सुरुवातीचं टोक हरवू नये म्हणून मी त्याला लाल दोरा बांधायची.

मी जन्माची भित्री. पाल चुकचुकली तरी हातातलं काम खाली ठेवणारी. पण हे काम मला आवडलं, कारण ते वडाला सूत गुंडाळण्यासारखं होतं. तसंच उजवीकडून, तसंच मनात यांचं आयुष्य मागत. सगळ्या कॉइली अशा झाल्या, पंखा छपरावर चढला, वाऱ्यावर छान फिरलाही... आणि बल्ब ढिम्म पेटेना. यांनी सगळं उतरवून अंगणात मांडलं आणि बराच वेळ डोकं खाजवलं. मग हसायलाच लागले. "अगं, सगळ्या एकाच दिशेच्या झाल्यात. एकीने दिलं की शेजारची काढून घेते. एकाआड एक उलटी हवी."

"उलटी?" मी साचा दूर सारला. आमच्याकडे उलटं फिरतात ते फक्त चितेभोवती. वडाला जे सूत मी उजवं गुंडाळलं, तेच या हातांनी उलगडायचं? मी साच्याला हात लावायला तयार होईना. "अहो, दुसरं काहीही सांगा. उलटे वेढे माझ्याने घेववणार नाहीत." हे थट्टेखोर माणूस, मी भित्री म्हणून चारचौघांत माझी फिरकी घेणारे. पण त्या दिवशी नाही घेतली. माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरं, राहू दे तशाच. मी टोकं फिरवून जोडतो. शेवटाला शेवट, सुरुवातीला सुरुवात." जोडलेला एकूण एक सांधा यांनी तापवून सोडवला आणि नव्याने जोडला. दोन बोटं भाजून घेतली. बल्ब पेटला तेव्हा माझ्या डोळ्यांना पाणी आलं.

पुढच्या चैत्रात एका दुपारी वावटळ उठली. बॅटरीची तार निसटली होती, आणि ओझं सुटलेला पंखा असा काही पिसाळला की छपराची कौलं खडखडायला लागली. हे दोर घेऊन शिडीवर. शेजारचा धर्माजी अंगणातून ओरडत होता, "वयनी, दादांना खाली बोलवा! यो पंका सुटला तं कुनाला ठेवाचा नाय!" पाती यांच्या डोक्यापासून हातभरावर होती. वरून हे ओरडले, "खालच्या दोन तारा एकमेकींना चिकटव, पंख्यावर ओझं पडू दे!" मी पदर हाताभोवती गुंडाळला, डोळे मिटले आणि टेकवल्या. चर्रर्र झालं, जळका वास आला... आणि पंख्याचा घोंघाट हळूहळू उतरला.

त्यात एक कॉइल जळली. मी माहेरी गेले असताना यांनी ती स्वतः गुंडाळून बसवून टाकली. परत आल्यावर मी एवढंच पाहिलं की पंखा फिरतोय. कोणत्या बाजूने गुंडाळली, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही. "उलटी," असं म्हणाले असते तर? दर वटपौर्णिमेला सूत हातात घेतलं की तीच एक कॉइल आठवायची. यांना धाप लागायला लागली, डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलं, तेव्हा माझी नजर आधी छपराकडे गेली. वेडेपणा होता, कळत होतं. पण भीती गेली नाही.

दिवसपाणी झाल्यावर दिरांना सांगून पंखा उतरवून घेतला. ती कॉइल वेगळी करून मागितली. तिच्या टोकालाही लाल दोरा होता, यांच्या ओबडधोबड गाठीचा. दोऱ्यापासून बोट फिरवत गेले... उजवी! मी तिथेच बसून रडले. यांनी माझा शब्द माझ्या पाठीमागेही पाळला होता. मग डोळे पुसावेत म्हणून कॉइल खाली ठेवली, ती पालथी पडली. सहज पुन्हा बोट फिरवलं, तर तीच तार आता डावीकडे चालली होती.

म्हणजे उजवं-डावं असं काही नव्हतंच. या बाजूने पाहिलं तर उजवं, त्या बाजूने उलटं. सगळ्याच कॉइलींचं तसं. त्या दिवशी अंगणात एकाआड एक कॉइल नुसती पालथी घातली असती तरी यांचं काम झालं असतं. एवढं यांना कळत नव्हतं थोडंच? पण मग मी प्रत्येक कॉइलीला भ्याले असते.

यंदा वडाला जायचं नाही. ती कॉइल देवळीत आहे, उजवी बाजू वर करून. पुसताना मी ती जागची हलवत नाही. यांनीही माझ्यादेखत कधी कॉइल पालथी केली नव्हती.