काचेवरची पट्टी

माझं लग्न ठरलं तेव्हा माहेरच्यांना काळजी होती ती नवऱ्याची नाही, सासऱ्यांच्या धंद्याची. पुण्यात पेठेत त्यांचं बंदुका दुरुस्त करायचं दुकान, रीतसर परवान्याचं, त्यांच्या वडिलांपासूनचं. आईने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, ते घरी काही आणत नाहीत ना? बाबा, म्हणजे सासरे, घरी फक्त भाजी आणतात, आणि भाजीवाल्याला चार शब्द ऐकवल्याशिवाय तीही आणत नाहीत, हे मला नंतर कळलं.

मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली. भोसरीच्या एका कारखान्यात मोजमापाच्या खोलीत आठ वर्षं काढली. कारखाना दुसऱ्या राज्यात गेला आणि मी घरी बसले, तेव्हा बाबांनी दुकानाच्या नोंदी संगणकावर चढवायला मला बोलावलं. नवरा हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये. भिंतीत खिळा ठोकायचा असला तरी तो आधी व्हिडिओ बघतो. त्यामुळे धंदा बाबांबरोबर संपणार, हे कोथरूडच्या आमच्या घरात सगळ्यांनी धरलेलंच होतं. मी आठवड्याभरात संगणकाचं काम आटोपलं आणि दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन उभी राहिले. बाबांनी जा म्हटलं नाही. पुढे पोलिस पडताळणी होऊन दुकानाच्या कागदांवर माझं नाव लागलं, त्या दिवशी त्यांनी मला एक जाड एप्रन आणून दिला आणि म्हणाले, ओढणी घरी ठेवून येत जा.

त्या मागच्या खोलीला उत्तरेकडे मोठी खिडकी आहे. तिच्या काचेवर काळ्या कागदाची बोटभर रुंदीची आडवी पट्टी चिकटवलेली असते. बंदुकीची नवी नळी आली की ती डोळ्याशी धरायची, दुसरं टोक पट्टीकडे करायचं आणि आत बघायचं. आतल्या चकाकीत पट्टीची सावली रेघ होऊन पडते. मग नळी हळूहळू फिरवायची. पूर्ण फेऱ्यात रेघ सरळ राहिली तर नळी सरळ. रेघेने कुठे पोट काढलं तर नळी वाकडी, मग ती कुठल्याही देशातून आलेली असो. भोसरीत एवढंच सांगायला आम्हाला एक भलं मोठं यंत्र आणि वातानुकूलित खोली लागायची. बाबांना खिडकी पुरायची. ही नजर त्यांनी मला दोन वर्षं शिकवली आणि दोन वर्षांत एकदाही शाबास म्हणाले नाहीत. त्यांच्याकडचं सगळ्यात मोठं प्रमाणपत्र म्हणजे "चालेल".

अशात लोणी काळभोरचे एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, मोठी रोपवाटिका असलेले, बोलायला अघळपघळ. त्यांच्या फौजी वडिलांची जर्मन बनावटीची बोल्ट ॲक्शन रायफल वारसाने त्यांच्या परवान्यावर आली होती. रायफल ठणठणीत, पण तिच्या कॅलिबरची काडतुसंच मिळेनाशी झालेली. नुसती शोभेला ठेवायची नाही म्हणून त्यांनी खेटे घालून कॅलिबर बदलण्याची परवानगी आणली होती. जुनी नळी काढून थर्टी-ओ-सिक्स कॅलिबरची बसवायची. काडतूस आत लोटून मागून बंद करणारा बोल्ट तोच, लाकडी दस्ता तोच.

"दादांचा हात या लाकडावर हाय," ते म्हणाले. "बाकी काय बी बदला."

दादा म्हणजे त्यांचे वडील. बाबांनी त्यांना सांगितलं, दस्ता आतून थोडा कोरावा लागेल, बाहेरून ओरखडा दिसला तर रायफल माझ्याच गळ्यात मारा. गृहस्थ खूश होऊन गेले.

नवी नळी नवरात्रात आली. अष्टमीला मी खंडेनवमीच्या पूजेसाठी मागची खोली धुऊन काढली. दरवर्षी खिडकीवर नुसतं फडकं फिरायचं, या वेळी मी काच मनापासून घासली. पट्टीच्या कडा सुटत आल्या होत्या, म्हणून ती खरवडून टाकली, नव्या पट्टीसाठी कागद कापला आणि झेंडूचे हार ओवायला बसले. कागद टेबलावरच राहिला. नवमीला हत्यारांची पूजा झाली, लेथला हळदकुंकू लागलं, दसरा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी नवी नळी पुसून डोळ्याशी धरली आणि खिडकीकडे तोंड करून सावकाश पूर्ण फेरा फिरवली.

"रेघ सरळ आहे," ते म्हणाले. "चालेल."

मी काचेकडे पाहिलं. काच लख्ख होती. तिच्यावर पट्टीच नव्हती.

आधी मला वाटलं, माझा विसरभोळेपणा पकडून टोमणा मारताहेत. पण ते नळी ठेवून शांतपणे चहाला दुकानाच्या पुढच्या भागात गेले. मग एकेक गोष्ट जुळत गेली. स्कूटरवर मागे बसून ते मला सिग्नल कुठला लागलाय ते विचारायचे. मला वाटायचं, माझी परीक्षा घेताहेत. सकाळचं वर्तमानपत्र मला मोठ्याने वाचायला लावायचे, तुझे उच्चार सुधारतील म्हणून. या माणसाचा बाजारातला सगळा मान त्याच्या नजरेवर होता आणि ती नजर गेली होती.

मी कापलेला कागद घेतला आणि घाईघाईने काचेवर चिकटवला. नळी धरून पाहिली. नळीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर रेघेने पोट काढलं होतं. तीनदा पाहिलं, तीनदा तेच.

गप्प बसता आलं असतं. ही नळी बसवून रायफल सरकारी प्रूफ चाचणीला गेली असती तर सुखाने पास झाली असती. तिथे नळी दाब सोसते का बघतात, सरळ आहे का नाही बघत. लोणीच्या गृहस्थांचा नेम चुकला असता तर त्यांनी स्वतःलाच दोष दिला असता. कोणाला काही कळलं नसतं आणि बाबांचा मान शाबूत राहिला असता. पण वाकडी नळी दिसली की ती बाजूला काढायची, हे मला ज्याने शिकवलं त्याच्याच मानासाठी ती मी बसवायची, हे मला जमेना.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "बाबा, काचेवर पट्टी नव्हती. अष्टमीला मी खरवडून काढली होती."

त्यांचा कप बशीवर वाजला. खिडकीला हात लावायला तुला कोणी सांगितलं, इथून त्यांनी सुरुवात केली आणि माझ्या शिक्षणापर्यंत आले. मी ऐकून घेतलं. मग ते एकदम थांबले, उठून मागच्या खोलीत गेले आणि काचेवरून बोटं फिरवू लागले. पट्टी सापडल्यावर बोटं तिथेच राहिली.

"पोट कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

मी त्यांचं बोट धरून नळीवर त्या जागी ठेवलं. त्यांनी तिथे खडूने खूण केली आणि नळी परत पाठवायला सांगितली. मग वर्षभरात त्यांनी पास केलेल्या नव्या नळ्यांची यादी मागितली. दोनच होत्या. दोन्ही मालकांना त्यांनी स्वतः फोन करून बंदुका तपासायला बोलावलं. दोन्ही नळ्या सरळ निघाल्या. हे मी सांगितल्यावर ते बराच वेळ चष्मा पुसत बसले.

दुसरी नळी महिन्याने आली. ती मी पाहिली, लेथवर मीच चढवली. बाबा शेजारी स्टुलावर डोळे मिटून बसायचे आणि हत्याराचा आवाज जरा बदलला की थांब म्हणायचे. दर वेळी त्यांचं बरोबर असायचं. शेवटी गेज, म्हणजे काडतुसाच्या मापाचे पोलादी नमुने, लावून बघायची वेळ आली. एका गेजवर बोल्ट बंद व्हायला हवा, दुसऱ्यावर अडायला हवा. तो बंद करायला मी त्यांनाच सांगितलं. त्यांनी दोन बोटांनी लोटला. पहिल्यावर बसला, दुसऱ्यावर अडला. रायफल चाचणीला गेली आणि नळीवर शिक्का घेऊन परत आली. त्या शिक्क्याचा फोटो मी नवऱ्याला पाठवला, त्याने अंगठा पाठवला.

गृहस्थ न्यायला आले. दस्त्यावरून हात फिरवला, एकही ओरखडा नाही हे पाहून समाधान पावले आणि बाबांना म्हणाले, "नळी तुमीच बघितली न्हवं? दादा म्हनायचे, पुण्यात नळी बघायची तर त्यांच्याच डोळ्यानं."

मी खाली बघत पावती लिहीत होते. बाबांनी नुसती मान हलवली असती तरी मी काही बोलले नसते.

"नाही," बाबा म्हणाले. "माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहेत. मी पास केलेली नळी वाकडी होती, ती हिने परत पाठवली. ही नळी हिची आहे."

गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं, मग रायफलीकडे. म्हणाले, मग आमचं पुढचं काम ताईंकडंच. ते गेल्यावर मी मागच्या खोलीत जाऊन रडले. दुःख नव्हतं त्यात. इतका अभिमान मला स्वतःचा कधी वाटला नव्हता, आणि बाबांचा तर त्याहून जास्त वाटला.

डोळ्यांची शस्त्रक्रिया त्यांनी हिवाळ्यात करून घेतली. काळा चष्मा उतरल्यावर पहिल्याच दिवशी ते दुकानात आले, नवी आलेली एक नळी उचलली आणि खिडकीकडे धरून फिरवली. मग नळी खाली घेऊन नुसतीच काच न्याहाळत राहिले.

"पट्टी तिरकी लावली आहेस."

खरंच तिरकी होती, रेघेच्या सरळपणाला त्याने फरक पडत नसला तरी. घाईत लावलेली, मी रोज तिच्याकडे बघत होते आणि मला कधी दिसलं नव्हतं. मी ती खरवडायला उठले.

"राहू दे," ते म्हणाले आणि नळी टेबलावर माझ्या बाजूला ठेवली. "तुझ्या डोळ्याला आता तीच सवय आहे."