टिकलीखालची जागा

मेकअपपेक्षा त्याआधीच्या तयारीत माझा जास्त जीव आहे. आमच्या बरकतपुऱ्याच्या पार्लरमधल्या मुली तिला 'प्रेप' म्हणतात. चेहरा नीट पुसायचा, क्रीम लावायचं आणि ते मुरेपर्यंत गप्प बसायचं. हे गप्प बसणं कुणाला जमत नाही, लग्नघरात तर नाहीच. "ताई, क्रीम नक्को, डायरेक्ट मेकअप करा ना," असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. भिंतीचे पोपडे न काढता रंग देता का हो तुम्ही?

मागच्या वर्षी काचीगुड्याच्या एका फंक्शन हॉलमध्ये नवरीचं आवरून झालं आणि तिची आई माझ्यासमोर येऊन बसली. साधी बाई, कपाळावर रुपयाएवढी मरून रंगाची टिकली. ती काढायला मी बोट नेलं, तशा त्या मागे सरकल्या.

"टिकली राहू द्या ताई. तिच्या भोवतीनं करा."

मला वाटलं, सवाष्णीचं कपाळ मोकळं नको म्हणून असेल. "लगेच दुसरी लावते," मी म्हणाले. त्या ऐकेनात. मीही हट्टाला पेटले. न पुसलेल्या कपाळावर माझा ब्रश चालत नाही, म्हणून सांगितलं. त्यांनी दाराकडे पाहिलं. नवरी शेजारच्या खोलीत फोटो काढून घेत होती.

"मग कडी लावा," त्या म्हणाल्या.

टिकली निघाली. खाली वाटाण्याएवढा पांढरा डाग होता.

"कोड नाही हो हे," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "टिकलीच्या गोंदानं झालंय, डॉक्टरनी सांगितलं. पण लोक काय डॉक्टरला विचारायला जायलेत? कोडाच्या घरची पोरगी म्हणतील. सासरी तिला जन्मभर ऐकवतील. पोरीलासुद्धा कधी दाखवलं नाही मी."

"आणि ज्या गोंदानं डाग पडला, तोच वर चिकटवताय?" मी चिडलेच. त्यांनी मान खाली घातली, तेव्हा कुठे माझा आवाज उतरला. कापसावर तेल घेऊन मी सुकलेला गोंद हलक्या हातानं काढला आणि क्रीम लावलं.

तेवढ्यात दार वाजलं. "आई, काय करायलीस आत? उघड ना!"

बाईंनी तळहातानं कपाळ झाकलं. मी दार किलकिलं करून 'थांब' म्हणेपर्यंत नवरी शालू सावरत आत घुसली. आईला तसं बसलेलं पाहून तिनं तो हात हळूच खाली घेतला.

"मला लहानपणापासून माहितेय गं. सकाळी तुझी टिकली उशीला चिकटलेली असायची."

"तुझ्या सासरी कळलं तर?"

"त्यांना पण माहितेय. बघायला येऊन गेले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी नवरदेवाला सांगितलं. त्याची आई म्हणाली, तुझ्या आईंना म्हणावं ओलं कुंकू लावा, गोंद बाधतो."

"मग मला का नाही बोललीस?"

"तू इतकी लपवायलीस, मी कसं बोलू?"

बाहेरून गुरुजींची हाक आली, तशी नवरी निघून गेली. क्रीम मुरलं होतं. मी कुंकवाची बाटली उघडली.

"थांबा ना ताई," त्या म्हणाल्या. "जरा वारा लागू द्या."

दार सताड उघडं होतं आणि बाहेर वऱ्हाडाची ये-जा चालली होती. त्यांनी कपाळावर हात नेला नाही.