पंधरा दिवस माझे

विद्यापीठाने माझ्या भाडेकरू सरांना फसवले. हे आधीच सांगून टाकतो, कारण सरांना विचाराल तर ते म्हणतील, थोडा उशीर झाला इतकेच. फसवायला इतका सोपा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरा निपजला नसेल. मी डोक्यावर टोपली घेऊन जुन्या बाटल्या-डबे गोळा करत वर आलेला माणूस. मी आठ आणे म्हणावे, गिऱ्हाइकाने चार म्हणावे, आणि सहावर दोघांनी एकमेकांना बोल लावत उठावे, हा माझा धर्म. सर पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा मी आठ आणे सांगितले. त्यांनी बाटली उजेडात धरली आणि काळजीने विचारले, "इतकी चांगली काच आठ आण्यांत परवडते तुम्हाला?" त्या दिवशी माझे जेवणात लक्ष लागले नाही. असा माणूस बाजारात मोकळा सोडणे बरे नव्हे, म्हणून दुसऱ्याच दिवशी मी त्यांना घरामागची खोली दिली.

सर मूळचे पुण्याकडचे. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत, पण जगत ते लोणारच्या सरोवरासाठी. दर रविवारी पहिल्या एस.टी.ने मी उसन्या दिलेल्या चोवीस बाटल्या पोत्यात घालून जात आणि संध्याकाळी त्या खाऱ्या, हिरव्या, कुजकट वासाच्या पाण्याने भरून आणत. कंडक्टर त्यांना मागच्या सीटवर बसवी आणि त्यांच्या पुढची सीट आपोआप रिकामी होई. दारूबंदीचे दिवस, माझ्या बाटल्यांचे आकार पाहून एकदा स्टँडवर हवालदाराने पोते उघडायला लावले. सर म्हणाले, "चाखून बघा ना." हवालदाराने चाखले. त्यानंतर त्याने सरांनाच काय, कोणालाही हटकल्याचे मी पाहिले नाही. बाटलीवर चिठ्ठी लावायची त्यांना इतकी सवय की आमच्या घरातल्या बरणीवरही एकदा 'पूर्व काठ, वरचा थर' असे चिकटवले. आमच्या हिने विचारले, "सर, माह्या लोणच्याले काठ कुठचा आला?" सरांनी माफी मागितली, आणि लोणचे चाखून त्यात मीठ किती ते अंदाजाने सांगितले. अंदाज बरोबर निघाला.

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षे झाली असतील. विद्यापीठाने प्राध्यापकांसाठी एक अनुदान काढले. रक्कम लहान, त्यातून सुरुवातीचे काम करायचे, आकडे जमवायचे आणि त्या जोरावर दिल्लीकडे मोठ्या संशोधनासाठी अर्ज करायचा. मी म्हटले, "म्हणजे गळाले लावाचं गांडूळ." सर खूश होऊन म्हणाले, "अगदी तसंच, शेठ. मासा दिल्लीत आहे." अट एकच, अर्ज विद्यापीठामार्फत जायला हवा. आणि हे अनुदान एका माणसाला एकदाच. दिल्लीचे पैसे आले असते तर लोणारला काठावर छोटी प्रयोगशाळा उभी राहिली असती. तिचा नकाशा सरांनी माझ्या दुकानाच्या पुठ्ठ्यावर काढला होता, खिडकी सरोवराकडे.

अनुदान सरांना मिळाले आणि वर्षभर ते राबले. दिल्लीचा अर्ज तयार झाला. मी म्हटले, मागणी दुप्पट लिहा, ते निम्मी कापतीलच. सरांनी थर्मामीटरच्या दोरीपर्यंत हिशेब करून लागेल तितकेच मागितले. हाताशी कोणते सामान आहे, या रकान्यात दुसऱ्या कोणीही 'बाटल्या चोवीस' लिहून मोकळे झाले असते. यांनी पुढे लिहिले, 'मालकी घरमालकाची.' विद्यापीठाने तो अर्ज सात महिने ठेवून घेतला. दर महिन्याला सर विचारत, दर महिन्याला उत्तर येई, विचाराधीन आहे. आणि सात महिन्यांनी पत्र आले ते मला: काम पुरे होईपर्यंत बाटल्या सरांकडेच राहतील असे लिहून द्यावे.

विद्यापीठाचे पत्र मला जन्मात पहिल्यांदा आले. आता धंद्यातली एक गोष्ट सांगतो. समोरच्याच्या पहिल्या पत्राला उत्तर देणारा व्यापारी बुडतो. गरज त्याची असेल तर तो दुसरे पत्र लिहितो, आणि दुसऱ्या पत्रात नरम येतो. सरांनी हळूच दोनदा आठवण केली. मी म्हणालो, "घाई करू नका, सर. गरज त्याईले हाये. दुसरं पत्र येऊ द्या." सर मान हलवून गेले. दुसरे पत्र आले नाही. पंधरा दिवसांनी मी लिहून दिले. दिल्लीची मुदत त्याआधी नऊ दिवस संपली होती.

"तारीख सांगितली काऊन नाही, सर?" मी ओरडलोच.

"तुमचा नियम होता ना, शेठ," सर म्हणाले. "मला वाटलं, त्यात तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

मी विद्यापीठात जाऊन टेबल वाजवले. कारकून आमच्याच बाजूचा निघाला. त्याने शांतपणे फाईल उलटली आणि विचारले, "शेठ, तुमीनं पंधरा दिवस काऊन लावले?" तीस वर्षांच्या धंद्यात मी पहिल्यांदा भाव न करता उठलो. मागोमाग सरांना पत्र आले: अर्ज बाहेर गेला नाही, सबब अनुदानातून घेतलेला थर्मामीटर परत करावा. सरांनी तो गवतात गुंडाळून पाठवला. बाटल्या धुऊन, चिठ्ठ्या खरवडून मला आणून दिल्या. चोवीसच्या चोवीस.

आता सर रविवारी घरीच असतात. दाराशी बसून पेपर वाचतात, लोणारची गाडी सुटायच्या वेळेला एकदा मान वर करतात. बाटल्या माझ्या दुकानात वरच्या फळीवर आहेत. परवा एकाने भाव विचारला. मी म्हटले, विकायच्या नाहीत. आमची ही आतून ऐकत होती. बाहेर येऊन तिने फळीवरच्या बाटल्या पदराने पुसल्या.

पंधरा दिवस माझे. ते मी कबूल करतो, त्यात घासाघीस नाही. पण उरलेले सात महिने कोणाचे, ते विद्यापीठातल्या कोणीतरी पुढे येऊन सांगावे. मला नाही सांगितले तरी चालेल. मागच्या खोलीत सर बसलेले असतात, त्यांना सांगावे.