क्रू लेक

ज्या बाईंनी उभा जन्म शाळेत इंग्रजी शिकवलं, त्या मला बघितलं की शाळेच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने निघून जायच्या. मी पडवीत पाऊल टाकलं की आतून खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा आणि थोड्या वेळाने मागच्या अंगणातून त्यांची छत्री जाताना दिसायची. मी त्यांच्याच शाळेत, त्यांच्याच विषयाला मदत करायला आले होते. सुरुवातीचे दीड-दोन महिने आमच्यात एक शब्दसुद्धा झाला नाही.

त्यांना सगळे क्रू लेक म्हणत. क्रू म्हणजे थाईत शिक्षक. लेक म्हणजे लहान. हे त्यांचं बाळपणीचं नाव, पुढे बाई चांगल्या उंच आणि रुंद झाल्या तरी टिकलेलं. फोनवर हे सांगितलं तर आई म्हणाली, "साठीच्या बाईले लेक म्हनतात? चांगला मुलूख हाये!"

मी बुऱ्हाणपूरची. जवळच्या दापोऱ्याला आमचा केळीचा मळा. बी.एड. करून गावातल्या एका शाळेत शिकवत होते, तेव्हा एका संस्थेमार्फत वर्षभर थायलंडला इंग्रजी शिकवायला जायची संधी आली. पगार नाही, राहणं-खाणं फुकट. काकांनी डोक्याला हात लावला. "बिनपगारी? आन् तेही थायलंडले?" वडील मात्र केळीच्या घडामधली तयार फणी बघावी तसं माझ्याकडे शांतपणे बघत म्हणाले, "तिले जायचं हाये ना, मंग जाऊ दे."

शाळा होती ती वस्ती कोळ्यांची. घरासमोर बांबूच्या ताटव्यांवर माकूळ वाळत घातलेले असत आणि वर्गात बसलं तरी त्यांचा वास येई. तेव्हा तिकडच्या शेजारी देशांची मिळून एक बाजारपेठ होणार, सगळीकडे इंग्रजी लागणार, असं वारं होतं. पोरांना इंग्रजी आलं तर होड्या सोडून हॉटेलात नोकरी मिळेल म्हणून आईबाप परदेशी शिक्षिकेची वाट बघत होते. त्यांच्या मनातली शिक्षिका गोरी होती. आले मी. पहिल्याच दिवशी एका आईने मला निरखून हेडमास्तरांना काहीतरी विचारलं. इंग्रजी थोडंफार येणारे हेडमास्तर ओशाळून म्हणाले, "ती विचारते, खरी टीचर कधी येणार?"

मग संस्थेचा एक गोरा अधिकारी तपासणीला आला. माझा वर्ग चालू असताना मागे बसला. मी मुलांकडून म्हणवून घेत होते, "धिस इज अवर इस्कूल." त्याने हात वर केला. "स्कूल," तो म्हणाला. "इस्कूल नाही." मी पुन्हा म्हटलं. पुन्हा इस्कूलच निघालं. आमच्या बाजूला इस्टेशन, इस्कूल असंच म्हणतात; तो 'इ' आपण लावतो हेही मला तोवर ठाऊक नव्हतं. माझे कान तापले. खिडकीशी क्रू लेक उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी पडवीत आले तर खुर्ची सरकली नाही. क्रू लेक बसूनच होत्या. त्यांनी भाताची ताटली माझ्यापुढे सरकवली, बराच वेळ ओठ जुळवले आणि म्हणाल्या, "मिस. यू ऑल्सो."

तुझंही माझ्यासारखंच अडतं. माझ्याशी बोललेलं त्यांचं पहिलं वाक्य ते. मला हसू फुटलं, मग त्यांनाही. त्या हसल्या की टेबल हलायचं.

तिथून पुढे त्या थांबल्या नाहीत. रोज सकाळी वर्गाच्या दारात जाहीर करायच्या, "टुडे नो ग्रामर. टुडे मार्केट." आणि मुलांना घेऊन खरोखरच मासळीबाजारात जायच्या. शब्दाच्या शेवटची अक्षरं त्या गिळत. राईसचा 'राय' होई, हाऊसचा 'हाव'. मी माझा 'इ' गिळायला शिकत होते. एकमेकींच्या चुका काढायच्या, पण मुलांसमोर नाही, असं आमचं ठरलं होतं.

अशाच एका दुपारी त्यांनी सांगितलं की आधी त्या का पळत होत्या. फार पूर्वी एक परदेशी माणूस धावत शाळेत आला होता. त्याच्या बायकोच्या पायाला समुद्रात जेलीफिश डसला होता. वस्तीत इंग्रजी येणाऱ्या या एकट्याच. तो जीव तोडून बोलत होता आणि त्यांना 'प्लीज'खेरीज काही कळेना. शेवटी एका कोळ्याने तिचा पाय बघितला आणि व्हिनेगर आणून ओतलं. बाई वाचली. पण वर्गातलं एक पोर मोठ्याने म्हणालं, "क्रूला इंग्रजी येतच नाही." त्या दिवसापासून परदेशी माणूस दिसला की त्या वाट बदलत.

सत्राच्या शेवटी पालकांची सभा झाली. एक बाप उठला. होड्यांचा मालक होता, त्याच्या शब्दाला वजन होतं. हिला परत पाठवा आणि गोरी मागवा, असं त्याचं म्हणणं. बऱ्याच माना हलल्या. हेडमास्तर पुढचं भाषांतर करताना माझ्याकडे बघेनात. मी मनातल्या मनात बॅग भरायला घेतली होती.

तेव्हा क्रू लेक उठल्या. थाईत बोलल्या, सावकाश. हेडमास्तरांनी कुजबुजत सांगितलं ते असं: "तुमच्यातल्या निम्म्यांना मी शिकवलं. मला इंग्रजी बोलता येत नव्हतं. पुस्तकातलं वाचून दाखवायची, एवढंच. ही मुलगी आली तेव्हा, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, कुणाचं इंग्रजी मला कळलं. मला कळतं तर तुमच्या पोरांना कळेल. हिला पाठवायचं असेल तर आधी मला घरी बसवा."

मग तो होडीवाला म्हणाला, "बोलून दाखवा."

त्या माझ्याकडे वळल्या. "मिस, युअर फादर, वॉट वर्क?"

"ही ग्रोज बनानाज."

"मेनी बनाना?"

"व्हेरी मेनी बनाना," मी म्हटलं. व्याकरण गेलं खड्ड्यात. 'बनाना' सगळ्यांनाच कळलं होतं. मागच्या बाजूला कुणीतरी हसलं, मग सगळी सभाच हसली. होडीवाला खाली बसला. मी वर्ष पुरं केलं.

निवृत्त झाल्यावर त्या एकट्या बुऱ्हाणपूरला आल्या, ऐन दिवाळीत. दापोऱ्याच्या मळ्यात आम्ही केळफुलं मोडून बांधावर टाकतो. ते बघून त्या हळहळल्या, ओटीभर गोळा केली आणि नारळाच्या दुधात शिजवली. "आपुन फेकून देतो ते ही बाई खाते," असं म्हणत वडिलांनी दोनदा वाढून घेतलं. आईला इंग्रजी येत नाही, त्यांना मराठी नाही. दोघी दिवसभर करंज्या करत बोलत होत्या. काय, ते मला कुणी सांगितलं नाही.

गेल्या पावसाळ्यात हेडमास्तरांचा फोन आला. क्रू लेक गेल्या होत्या. झोपेतच. देवळाच्या आवारात सगळी वस्ती जमली होती, जुनी मुलं हॉटेलांतून रजा काढून आली होती. हेडमास्तर म्हणाले, "तुम्ही दोन शब्द बोला. इंग्रजीत. त्यांना आवडलं असतं." त्यांनी फोन माइकसमोर धरला.

मी मळ्यात होते. तोंड उघडलं, पण इंग्रजीचा एक शब्द येईना. थाईही येईना. मग मी मराठीत बोलले. त्या कशा हसायच्या, बाजारात पोरांना कसं हाकायच्या, आमच्या घरी किती करंज्या खाल्ल्या, सगळं. बराच वेळ बोलले. तिथे एकालाही त्यातलं अक्षर कळलं नसेल. पण माझं संपेपर्यंत पलीकडे कुणी फोन ठेवला नाही.